सहा नंबरची जर्सी

आमच्या पोरांचा फुटबॉल संघ चालवणाऱ्या मॅलकी डेव्हेनीने जर्सींची पिशवी कधी माझ्या हातात दिली नाही. आमच्या गेटापाशी जीप उभी करायची, मागचं दार उघडायचं आणि पिशवी पायाने ढकलून द्यायची. डबक्यात पडली तर पडली. मग हॉर्न दोनदा. म्हणजे, आली गं असम्प्टा तुझी घाण, घे धुवायला.

खरं तर धुण्याची पाळी ठरलेली होती. पंधरा पोरांचा संघ, दर सामन्याला एक घर. पण तीन वर्षांपूर्वी मीच एकदा शहाणपणा केला. डाग काढून, चुलीवरच्या दांडीवर वाळवून, घड्या घालून पिशवी परत दिली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! तेव्हापासून बाकीच्या चौदा घरांच्या पाळ्या आपोआप पुसल्या गेल्या.

धुणाऱ्या बाईला सगळी पॅरिश, म्हणजे एका चर्चखालची सगळी वस्ती, आतून कळते. कुणाच्या बाहीला शेंबूड, कुणाच्या पोटावर चिकटलेला च्युइंगम, कुणाच्या कॉलरला बापाच्या सिगारेटचा वास. आमचं मैदान सामने नसतात तेव्हा मेंढ्यांना मोकळं असतं, त्यामुळे पुढून हिरवी लेंडी सगळ्यांनाच. एक अकरा नंबर तेवढा स्वच्छ. तो मॅलकीच्या पोराचा, एन्डाचा. चेंडूच्या दहा पावलं जवळ जाईल तर शपथ! तरी कॅप्टन तोच, आणि फ्री-किक मारायचा मानही त्याचाच. ती जर्सी न धुता घडी घालून ठेवली तरी कुणाला कळलं नसतं. दोनदा मी तसंच केलं.

मॅलकीला कुणी काही बोलत नव्हतं, त्याचं कारण फुटबॉलमध्ये नव्हतं, घासात होतं. आमच्या क्लूनारात मुरघासासाठी घास कापायचं मोठं हार्वेस्टर एकट्या मॅलकीकडे. आमच्या लिट्रिम जिल्ह्याची जमीन इतकी पाणथळ, की लोक म्हणतात ती एकराने नाही, गॅलनने विकतात. उन्हाळ्यात कधी तीन कोरडे दिवस सलग मिळाले, तर त्या तीन दिवसांत सगळ्या पॅरिशचा घास खड्ड्यात गेला पाहिजे. पहिला कोण आणि शेवटचा कोण, हे मॅलकीच्या डोक्यात. पोरांत कोण खेळणार आणि कोण बाकावर, तेही त्याच डोक्यात. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

मागच्या साली ओवेन रॅफर्टीने एका सामन्यानंतर विचारलं होतं, "माझ्या डॉमिनिकला पाच मिनिटंसुद्धा का नाही रे खेळवलंस?" एवढंच. मॅलकी हसला, पाठीवर थाप मारली. त्या साली ओवेनचा घास सगळ्यात शेवटी कापला, तोही पावसात. खड्डा उघडला तेव्हा काळा चिकट लगदा निघाला. गुरं तोंड लावीनात. नाताळाच्या आत ओवेनची पाच गुरं बाजारात गेली. मॅलकीने मुद्दाम केलं असं कुणी म्हणालं नाही. म्हणायची गरजच नव्हती. अळीमिळी गुपचिळी.

आमचा कॉरमॅक सहा नंबर खेळायचा, बचावाच्या मधोमध. आमच्या आयरिश फुटबॉलमध्ये चेंडू हातांनी झेलून घेऊन पळता येतं. चौदा वर्षांचा, हाडापेराने बापासारखा, चेंडू हवेत असला की डोळे मोठ्ठे करून वर बघणारा. तो होता म्हणून पुढच्या साली आमची पंधरा वर्षांखालची पोरं उपांत्य फेरीत पोचली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, पशुवैद्याच्या रांगेत दुसरा विषय नव्हता. म्हातारी माणसं भेटली की कॉरमॅकचे दंड चाचपून बघायची. बाजारात बैलाचे बघतात तसे.

उपांत्य सामना जूनच्या सुरुवातीला, किलबरॅनशी. नऊ दिवस पाऊस लागलेला. आम्ही एका पॉइंटने पुढे, आणि दोन मिनिटं उरलेली. उंच चेंडू आला. त्यांचा एक दांडगा पोरगा गुडघा वर करून उडाला, आणि तो गुडघा कॉरमॅकच्या कानामागे बसला. आवाज मला मैदानाच्या कडेच्या तारेपलीकडे ऐकू आला. कॉरमॅक पडला तो हात न टेकता पडला, तोंडावर.

मी त्या वेळी काय केलं ते सांगते. आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी तारेला धरून ओरडले, "ऊठ कॉरमॅक! ऊठ रे! दोनच मिनिटं राहिलीत!"

मॅलकी पाण्याची बाटली घेऊन धावला, "श्वास अडकलाय नुसता," असं पंचाला सांगितलं, आणि बाटली पोराच्या मानेवर रिकामी केली. पण कॉरमॅक मॅलकीमुळे उठला नाही. त्याने मान वळवून तारेकडे बघितलं, मला शोधलं, आणि मग उठला.

पुढचाच चेंडू त्याच्या हातात आला. तो वळला आणि आपल्याच गोलाकडे पळत सुटला. लोक आधी ओरडले, मग हसायला लागले. आमच्या गोलकीपरने त्याला कमरेला मिठी मारून थांबवला. शिट्टी झाली. जिंकलो. सगळी पॅरिश मैदानात घुसली, आणि माझा पोरगा मधोमध उभा राहून हातातल्या चिखलाकडे बघत होता.

गाडीत तो दोनदा ओकला. एकदा माझ्या मांडीवर. "कोण जिंकलं?" त्याने विचारलं. "आपण रे." जरा वेळाने पुन्हा, "कोण जिंकलं?" पूल ओलांडल्यावर तिसऱ्यांदा.

"फिन्टन," मी नवऱ्याला म्हणाले, "गाडी डॉक्टरकडे घे."

"हॅमचं सँडविच बाधलं असेल गं," तो म्हणाला. "उन्हात राहिली होती पिशवी."

नऊ दिवसांत ऊन कुणी पाहिलं नव्हतं. फिन्टनचं हे असंच. मनातून काही नको असलं की तो ऊन काढतो. गाय लंगडली, ऊन लागलं. आईशी भांडण झालं, ऊन फार होतं.

दुसऱ्या दिवशी मीच कॉरमॅकला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या डोळ्यांत टॉर्च मारला, रेषेवर चालवलं. दोनदा तो रेषेवरून सरकला. त्यांनी चिठ्ठी लिहिली. मेंदूला धक्का. तेवीस दिवस खेळ नाही, पळणं नाही, डोक्याला हिसका बसेल असं काही नाही. "पुन्हा तिथंच लागलं तर काय होईल ते मी लिहून देत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही आई आहात. समजून घ्या."

अंतिम सामना पंधराव्या दिवशी होता.

चौथ्या दिवशी मॅलकी घरी आला. पहिल्यांदाच गेटाच्या आत. बूट न काढता माझ्या धुतलेल्या फरशीवरून चालत आला आणि टेबलाशी बसला. मी सोडाब्रेड कापून ठेवला होता. त्याने लोणी लावलं, मग जॅमच्या बरणीत सुरी घातली, ब्रेडला फासली, सुरी दोन्ही बाजूंनी चाटली आणि पुन्हा बरणीत घातली. शी! ती बरणी मी नंतर कोंबड्यांना टाकली. कोंबड्यांनाही देऊ नये खरं तर.

"घास लोळायला लागलाय तुझा," तो फिन्टनला म्हणाला. "खालच्या रानातला तर आडवाच झालाय. बुडाशी पिवळा पडला असणार."

"हो ना," फिन्टन म्हणाला.

"यंदा वेळच कठीण. पुढच्या गुरुवारपासून तीन दिवस कोरडे सांगतायत. तीनच. आणि मला बावीस घरं." त्याने दुसरा तुकडा घेतला. "तुझा नंबर तसा उशिराच लागतो. पण बघू. गुरुवारी सकाळी जमवता येईल म्हणतो."

फिन्टनचा चेहरा कसा उजळला! मला तो बघवेना.

"आणि आपला वाघ काय म्हणतोय?" मॅलकीने विचारलं. तोंडात घास होता.

"ठीक आहे," फिन्टन म्हणाला. "एकदम ठीक."

मी फळीवरची चिठ्ठी काढून मॅलकीसमोर टेबलावर ठेवली. त्याने वाचली. म्हणजे डोळे फिरवले. "डॉक्टरांना आपली कातडी वाचवायची असते गं असम्प्टा," तो म्हणाला, आणि चहाचा कप त्या चिठ्ठीवर ठेवला. उठून गेला तेव्हा कागदावर तपकिरी गोल उमटला होता.

तो गेल्यावर मी फिन्टनला म्हणाले, "एकदम ठीक? लाज नाही वाटत?"

"मी हो म्हटलंय का खेळायला?"

"नाही तरी कुठं म्हटलंस!"

"अगं, तेवीस गुरं आहेत आपली. हिवाळ्यात त्यांच्यापुढं काय टाकू, तुझी ती चिठ्ठी? पाण्यात राहून माशाशी वैर करायचं नसतं. ओवेनचं काय झालं ते बघितलंस ना?"

बघितलं होतं. म्हणूनच मी पुढे बोलले नाही. हे लिहून ठेवायला हवं, की मीसुद्धा गप्प बसले.

पुढचे दिवस पावसाचेच. फिन्टन खालच्या रानात चर मोकळे करत होता. कमरेपर्यंत पाण्यात उभा, लांब दांड्याच्या फावड्याने राड काढून काठावर फेकायचा. संध्याकाळी बोटं सरळ होत नव्हती, मी गरम पाण्यात धरून एकेक उलगडायची. घास खरंच लोळला होता. पायाने उचलून बघितला की बुडाशी पांढुरकी बुरशी. माणूस काय करील, असंही वाटायचं. वाटायचं आणि स्वतःचीच किळस यायची.

दुकानात फिलोमिना ब्रीननं माझ्या पिशवीत न मागता चॉकलेटं टाकली. "वाघासाठी हो. एकतीस वर्षं झाली, असम्प्टा. आमच्या यांनी शेवटचा चषक बघितला तेव्हा डोक्यावर केस होते!" सगळे हसले. "जरासं डोकं दुखतं ते दुखू दे. पोरांची डोकी घट्ट असतात." तिच्या स्वतःच्या पोराला एकदा मधमाशी चावली तेव्हा तिने रुग्णवाहिका बोलावली होती. रविवारी चर्चमध्ये मासची प्रार्थना झाल्यावर चार जणांनी फिन्टनशी हात मिळवला. चिठ्ठीचं सगळ्यांना ठाऊक होतं. पोराला काय वाटतं असं एकाने विचारलं नाही. विचारलं असतं तर तो "खेळायचंय" म्हणाला असता, चौदा वर्षांचं पोर दुसरं काय म्हणणार?

मंगळवारी मी अंडी काढायला गेले तर गोठ्यामागून चेंडूचा आवाज आला. फिन्टन चेंडू उंच फेकत होता, कॉरमॅक झेलत होता. पहिला चेंडू त्याच्या हातांच्या मधून गेला आणि छातीवर आपटला. दुसरा खांद्यावरून मागे. तिसऱ्या वेळी त्याने डावा डोळा घट्ट मिटून घेतला, आणि झेलला. चौथ्यालाही तसंच. डोळा मिटला की झेल.

मी अंड्यांची टोपली खाली ठेवली. "कॉरमॅक, डोळा का मिटतोस?"

तो बापाकडे बघायला लागला.

"ऊन येतंय गं त्याच्या डोळ्यावर," फिन्टन म्हणाला.

सूर्य डोंगरामागे गेलेला. गेलेला म्हणजे दिवसभर आलाच नव्हता. मी फिन्टनकडे बघितलं, त्याने मान खाली घालून चेंडू पुसायला घेतला. तो चेंडू कितीतरी वेळ पुसत होता.

गुरुवारी उजाडलं ते खरंच कोरडं. साडेसातला हार्वेस्टर गल्लीत शिरलं, मागे तीन ट्रॅक्टर ट्रॉल्या. म्हातारा पॅकी गिल्हूली आपल्या गेटाशी टोपी हातात धरून उभा होता. त्याचा नंबर आमच्या आधी असायचा, वर्षानुवर्षं. त्याच्या समोरून सगळं लटांबर आमच्याकडे वळलं. तो टोपी डोक्यावर घालून आत गेला.

दुपारपर्यंत वरचं रान, तीनपर्यंत खालचं. हिरव्या रसाचा वास घरभर. ट्रॉल्या येतात, खड्ड्यात घास ओततात, ट्रॅक्टर वर चढून दाबतो, पुन्हा रिकाम्या जातात. कॉरमॅकला मी आत थांब म्हणून सांगितलं होतं. तो जुने टायर ढकलत आणत होता, खड्डा झाकायच्या प्लास्टिकवर वजन म्हणून ठेवायला. अधेमधे गेटाचा खांब धरून उभा राहायचा, मग पुन्हा टायर.

रीतीप्रमाणे घास कापणाऱ्यांना जेवण घरच्यांनी घालायचं. नऊ माणसं. बेकन, कोबी, एक पोतंभर बटाटे. दारातच घामाचा आणि डिझेलचा दर्प. मॅलकी टेबलाच्या मानाच्या टोकाशी, फिन्टनच्या खुर्चीत. फिन्टन स्वतःच्या घरात उभा राहून वाढत होता.

"फिन्टन, वाघाला मोठा तुकडा वाढ रे," एक जण म्हणाला. "शनिवारी लागेल."

"त्याला कसला मोठा तुकडा? त्याच्या बापाला द्या! दोन रानं एका दिवसात आत गेली!" दुसरा ओरडला, आणि हसून हसून तिसऱ्याच्या नाकातून चहा आला.

कॉरमॅक कोपऱ्यात ताट मांडीवर घेऊन बसला होता. त्याला बेकनचा वास सहन होत नव्हता, मला दिसत होतं. सगळ्यांसमोर तो एकेक घास पाण्याबरोबर गिळत होता.

जाताना मॅलकी माझ्याजवळ थांबला. दातात अडकलेलं नखाने काढत म्हणाला, "शनिवारी संध्याकाळी सात वाजता. पिशवी साडेसहाला आण. आणि सहा नंबरला जरा इस्त्री मार बरं का, फोटो निघतील."

मी "बरं" म्हणाले. नऊ माणसांची खरकटी ताटं समोर होती आणि मी "बरं" म्हणाले. मग ताटं घासली. कोबीचं पाणी, चरबी, विझवलेल्या सिगारेटी बटाट्याच्या सालींत खुपसलेल्या. तेव्हा मला कळलं की आम्ही देवघेव करून मोकळे झालो होतो. घास आत, पोर बाहेर. आणि त्या सौद्याचं जेवण मी रांधलं होतं.

शनिवारी सकाळी नाश्त्याला मी कॉरमॅकला म्हणाले, "तू खेळणार नाहीस. मी तुझ्या बाबांशी बोलते."

त्याने चमचा खाली ठेवला. बाप बाहेर टायर नीट करत होता. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून पोर हळू बोललं.

"पण आई, घास तर आत आला ना."

"त्याचं काय?"

"मग बाबा मॅलकीला काय सांगतील?"

चौदा वर्षांचं पोर. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने बघून बघून समजून घेतलं होतं, आणि स्वतःला द्यायला तयार झालं होतं. मी उठून मोरीशी गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

दुपारी मी जर्सींना इस्त्री केली. चौदा पिशवीत घातल्या. सहा नंबरची माझ्या ब्लाउजवर चढवली, वरून पावसाळी कोट घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली. तपकिरी गोल उमटलेली चिठ्ठी खिशात.

मैदानावर पिशवी उघडली तेव्हा मॅलकी ओरडला, "सहा कुठंय?" मी तारेपलीकडे होते. त्याने शिव्या दिल्या, जीपमधली एकुलती राखीव जर्सी, एकवीस नंबरची, काढून कॉरमॅकच्या डोक्यावरून ओढली. जर्सीवर काय असतं! नंबर कुठला का असेना, डोकं तर तेच. मला वाटलं होतं तेवढ्यावर भागेल. मूर्ख बाई.

दोन्ही संघ पळत बाहेर आले. सगळ्या पॅरिशने आरोळी ठोकली. कॉरमॅक आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला, मधोमध. वर आभाळाकडे बघितलं आणि डावा डोळा मिटून बघितला. उघडून बघितला. पुन्हा मिटला.

मी तारेखालून वाकले. गुडघे चिखलात गेले, कोट तारेला अडकला. बटणं तोडून कोट तिथंच सोडला. आणि बावन्न वर्षांची मी बाई, पोरांची हिरवी जर्सी पोटावर ताणलेली, पाठीवर भला मोठा सहा, चालत मैदानाच्या मध्यात गेले. आधी लोक हसले. "असम्प्टा, तुझा नंबर लागला वाटतं!" मग कुणीतरी म्हणालं, "अरे, ती पंचाकडे चाललीय." मग हसणं थांबलं.

फिन्टन तारेपाशी पुढे आला. "असम्प्टा! परत फिर! माझ्या गळ्याची शपथ आहे तुला!" मी फिरले नाही.

पंच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचा, टकला, बुटका, पोस्टमन होता म्हणे. त्याने चिठ्ठी वाचली, तारखेपासूनचे दिवस बोटांवर मोजले.

"कुठला मुलगा?"

"तो. एकवीस नंबर. तो डोळा मिटून उभा आहे ना, तो."

मॅलकी धावत आला. "अहो, बाईचं डोकं ठिकाणावर नाही. पोरगा ठणठणीत आहे, बापाला विचारा!"

पंचाने फिन्टनला विचारलं. तारेपलीकडून. दीडदोनशे माणसांच्या समोर. फिन्टनने टोपी काढली, पुन्हा घातली. "मला… मला काय माहीत," तो म्हणाला. आजवरच्या बोलण्यात तेवढंच त्याने बरं केलं.

पंच मला म्हणाला, "बाई, पंधरा दिवस झाले या चिठ्ठीला. आधी का नाही दिलीत?"

मी जेवण रांधत होते, असं सांगू?

कॉरमॅकला बाहेर काढलं. तो माझ्या शेजारून गेला, बघितलंसुद्धा नाही. "फितूर!" तारेवरून पहिला आवाज आला. बाईचा होता. मग चारी बाजूंनी. "फितूर! फितूर!" माझ्या पिशवीत चॉकलेटं टाकणारी फिलोमिना तारेवर मूठ आपटत होती.

त्याच्या जागी ओवेनचा डॉमिनिक आला. काडीसारखा पोरगा, त्याला अंगात घालायला जर्सी नव्हती. एकवीस नंबर अंगात घेऊन कॉरमॅक गाडीत जाऊन बसला होता. मग मी तिथंच, मैदानाच्या मधोमध, डोक्यावरून सहा नंबर काढली आणि त्याला दिली. ब्लाउज पाठीत वर गेलं, कुणीतरी शिट्टी मारली. "ऊबदार आहे," डॉमिनिक घाबरून म्हणाला. मी म्हटलं, "खेळ बाळा. आणि डोक्याला लागलं तर झोपून राहा. कुणीही ओरडलं तरी उठू नकोस."

तो छान खेळला. पण हरलो, एका पॉइंटने. शेवटच्या मिनिटाला समोरून फ्री-किक होती, म्हशीनेही मारली असती. एन्डाने मारली, ती खांबाच्या बाहेरून गेली. त्याबद्दल आजही कुणी बोलत नाही. हरवलं ते मी.

रविवारी सकाळी हॉर्न वाजला नाही. मी गेटाशी गेले तर चौदा जर्सी रस्त्यावर पसरलेल्या, आणि त्यांवरून ट्रॅक्टर जाऊन आलेला. गाईंचं शेण, तेल, चाकांचे वळ. मी उचलल्या नाहीत. आठ दिवस त्या तिथंच होत्या. पाऊस पडला, गुरं गेली, लोक गाड्या वाकड्या करून गेले. नवव्या दिवशी कुणीतरी गोळा केल्या. पंधरावी डॉमिनिकच्या आईने आणून दिली, धुऊन, घडी घालून. दारातच उभी राहिली, "चहा नको," म्हणाली, आणि माझा हात दाबून गेली.

तेविसाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कसं वाटतंय?" कॉरमॅक म्हणाला, "ठीक आहे. एकदम ठीक." हुबेहूब बापाचा सूर. माझ्याशी तो मीठ मागण्यापुरतं बोलत होता.

ऑगस्टमध्ये दुसरी कापणी. फिन्टनने मॅलकीला सात वेळा फोन लावला. आठव्या वेळी लावला नाही. गवत कापायचं जुनं मोवर शेडमधून काढलं, गंजलेली पाती घासली, आणि आम्ही वाळलेलं गवत करायला घेतलं, माझे सासरे करायचे तसं. तिघं लांब दांड्याचे काटे घेऊन रानात. उलटायचं, ओळी करायच्या, ढीग रचायचे. तळहात दुसऱ्याच दिवशी फुटले. रस्त्याने मॅलकीचं हार्वेस्टर रोज जाई, आमच्यापाशी मुद्दाम हळू होई. तिसऱ्या दिवशी ओवेन रॅफर्टी दाताळं खांद्यावर टाकून आला आणि कडेच्या ओळीला लागला.

शेवटची गाडी भरली तेव्हा पश्चिमेकडून काळं येत होतं. घाई होती. फिन्टन गाडीच्या एका बाजूला, कॉरमॅक दुसऱ्या. फिन्टनने दोराची गुंडाळी गवतावरून पलीकडे फेकली. "घे रे!"

दोर कॉरमॅकच्या हातांमधून गेला आणि तोंडावर बसला. त्याने उचलून परत फेकला. "पुन्हा टाका, बाबा."

फिन्टन या वेळी गाडीला वळसा घालून या बाजूला आला आणि समोरून टाकला. कॉरमॅकने डावा डोळा मिटला, घट्ट, आणि झेलला.

नऊ आठवडे झाले होते.

"अजून?" फिन्टनने विचारलं. "अजून दोन दिसतात?"

"कधी कधी," कॉरमॅक म्हणाला आणि दोराला गाठ मारायला लागला.

ओवेन दुसरीकडे बघायला लागला. फिन्टन तसाच उभा. मग त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं तो आता काय शोधतोय. त्याने मान वर केली. मीही केली. आभाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत गच्च भरलेलं होतं, कुठे बोटभर फट नव्हती.

तोंड उघडून तो तसाच उभा राहिला, आणि त्याला ऊन म्हणता येईना.